मौनाचे दिग्दर्शन : मायकेल कीटन यांचा ‘द मेरी जंटलमन’

अभिनेता प्रथमच दिग्दर्शन करतो तेव्हा तो स्वतःतील नटासाठी अधिक जागा मागून घेतो, असा बहुधा अनुभव येतो. मोठी स्वगते, जवळून टिपलेला चेहरा आणि पूर्वी कोणी न दिलेली भूमिका या तिन्ही गोष्टी एकदाच वसूल करण्याचा तो प्रयत्न असतो. मायकेल कीटन या अमेरिकन अभिनेत्याने ‘द मेरी जंटलमन’ या आपल्या पहिल्या दिग्दर्शित चित्रपटात याच्या नेमके उलट केले. ‘बीटलज्यूस’ (१९८८) या चित्रपटातील वाचाळ भुताच्या भूमिकेने प्रसिद्धी पावलेला हा नट येथे स्वतःला जवळजवळ मुका करून घेतो. जानेवारी २००८ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविला गेलेला हा चित्रपट मे २००९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर एवढ्या तुटपुंज्या उत्पन्नावर चित्रपटगृहांतून उतरला. व्यवहारात तो पडला. परंतु त्यातील मौनाने जो प्रश्न उभा केला आहे, त्याचा विचार करणे प्रस्तुत लेखकास अगत्याचे वाटते. दुसऱ्याच्या दुःखाविषयी काही न विचारणे हा त्याचा आदर असतो की आपली सोय?

कथानक साधे आहे. मारहाण करणाऱ्या पोलीस नवऱ्याला सोडून केट फ्रेझर (केली मॅक्डोनाल्ड) शिकागोत येते, नोकरी धरते. नाताळचे दिवस आहेत. एका रात्री कार्यालयातून बाहेर पडताना ती सहज वर पाहते, तो समोरच्या इमारतीच्या अगदी कडेला एक माणूस उभा. ती किंचाळते आणि तो दचकून मागे, गच्चीवर पडतो. हा माणूस म्हणजे फ्रँक लोगन (कीटन), दिवसा पुरुषांचे कपडे शिवणारा शिंपी आणि एरवी सुपारी घेऊन खून करणारा मारेकरी. नुकताच एक बळी घेऊन तो स्वतःचाही जीव द्यायला निघालेला आहे. आपण एका खुनाच्या साक्षीदार आहोत याची केटला कल्पना नाही; आपण एका माणसाला वाचविले एवढेच ती जाणते. ही किंकाळी म्हणजे या शांत चित्रपटातील सर्वांत मोठा आवाज होय. पुढे जे जे घडते ते त्या आवाजानंतरच्या शांततेत घडते.

ज्या परंपरेत हा चित्रपट बसतो तिला फिल्म न्वार हे नाव निनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली दिले. या परंपरेतील पुरुष मुळात बोलका आहे. बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’मधील (१९४४) विमा एजंट तर रक्तबंबाळ अवस्थेत ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसून आपला सारा गुन्हा सांगून टाकतो. बोलणे हीच त्याची सुटका असते. त्या कथांतील स्त्री मात्र पुरुषाला गुन्ह्यात ओढणारी मोहिनी म्हणून येते. कीटन यांनी आणि पटकथाकार रॉन लाझरेटी यांनी या दोन्ही खुंट्या उपटल्या आहेत. पुरुषाला कबुलीजबाब नाही आणि स्त्रीकडे मोहजाल नाही. झाँ-पिएर मेलव्हील यांच्या ‘ल सामुराई’मधील (१९६७) अबोल मारेकऱ्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे, पण त्याचे मौन ही एक ऐट होती, डोक्यावरच्या टोपीइतकीच नीट बसविलेली. फ्रँकच्या मौनात ऐट नाही, थकवा आहे. तो खोकतो, आजारी पडतो, न्यूमोनियाने रुग्णालयात पोहोचतो. मारेकऱ्याला इतके सामान्य आजारपण देणे हा या दिग्दर्शकाचा एक लहानसा, परंतु फार नेमका निर्णय आहे.

या दोघांची ओळख होते तो प्रसंग अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. केट नाताळचे झाड ओढत आपल्या इमारतीत नेत असताना त्याच्याखाली अडकते. फ्रँक तिला सोडवितो. प्रेक्षकाला ठाऊक आहे की ही बाई त्याच्या दृष्टीने एक साक्षीदार आहे. त्यामुळे तो मदतीला आला की काम उरकायला, ही शंका त्या हिरव्या फांद्यांमध्ये लोंबकळत राहते. दिग्दर्शक संगीताने ती भडकवीत नाही अथवा विनोदाने घालवीतही नाही. पुढे हेच झाड उभे राहते आणि दोन एकाकी माणसे त्याच्यापाशी बसतात. प्रेमप्रसंग म्हणावे असे एवढेच.

केटच्या डोळ्याभोवती काळानिळा डाग आहे. लोक विचारतात आणि ती दर वेळी काहीतरी कारण ठोकून देते. विचारणारेही ते पटल्यासारखे दाखवितात. (आपल्याकडे ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ हे उत्तर ऐकून विषय बदलणाऱ्या सुशिक्षितांची वाण नाही, शिक्षककक्षही त्याला अपवाद नसतात.) तपासावरील पोलीस अधिकारी मर्चिसन (टॉम बॅस्टूनस) तिच्याकडे ओढला जातो. तो अवघडलेला, एकटा आणि मनाने बरा माणूस आहे. पण त्याची चौकशी तपासाची की आपुलकीची, हे त्यालाही कळेनासे होते. नवरा मायकेल (बॉबी कॅनव्हाले) उगवतो तो आपल्याला येशू भेटला, आपण बदललो असे अखंड सांगत. कॅनव्हाले यांनी या भूमिकेत जी भीती निर्माण केली आहे ती हात उगारण्यातून नव्हे, तर न थांबणाऱ्या बोलण्यातून येते. या तिन्ही पुरुषांत केटला सुरक्षित वाटतो तो काहीच न विचारणारा फ्रँक.

येथवर चित्रपट निर्दोष आहे. पुढे मात्र फ्रँक केटच्या नवऱ्याचा आपल्या पद्धतीने बंदोबस्त करतो. केटने हे मागितलेले नाही, तिला विचारलेलेही नाही. ज्या न विचारण्याला आपण आतापर्यंत सौजन्य समजत होतो तेच येथे तिच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेऊन मोकळे होते. बोलणारा नवरा आणि न बोलणारा प्रियकर, दोघेही तिच्या वतीने ठरवितात. चित्रपटाला ही गोम दिसली आहे की त्यानेही ती सोयीने मुकी ठेवली आहे, याविषयी प्रस्तुत लेखकाचे मत अजून पक्के होत नाही. निकोलस रे यांच्या ‘इन अ लोन्ली प्लेस’मध्ये (१९५०) शेजारच्या पुरुषावर प्रेम करणाऱ्या नायिकेच्या मनातील संशय हाच चित्रपटाचा गाभा होता. येथे केटला सत्य उमगू लागेपर्यंत चित्रपट संपत आलेला असतो. तिच्या संशयाला आणखी वेळ मिळायला हवा होता; तो मर्चिसनच्या लांबलेल्या प्रसंगांत खर्च झाला आहे.

चित्रपटाबाहेर या मौनाला गोंगाट पुष्कळ मिळाला. दिग्दर्शन मुळात लाझरेटी यांनीच करावयाचे होते. ते आजारी पडल्याने काम कीटन यांच्याकडे आले. पुढे संकलनावरून मतभेद होऊन दोन प्रती तयार झाल्या. सनडान्सला अखेर कीटन यांची प्रत गेली. नंतर निर्मात्या कंपनीने करारभंगाचा दावा लावून जवळजवळ सगळा निर्मितीखर्च, म्हणजे सुमारे पंचावन्न लाख डॉलर, दिग्दर्शकाकडे मागितला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सातव्या विभागीय अपील न्यायालयाने निकाल कीटन यांच्या बाजूने कायम केला. चित्रपट चालला नाही याचा सगळा भार एका माणसाच्या दिरंगाईवर टाकता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

कीटन यांनी दुसरा चित्रपट दिग्दर्शित केला तो पंधरा वर्षांनी. ‘नॉक्स गोज अवे’मध्ये (२०२३) ते पुन्हा मारेकरीच आहेत, वेगाने स्मृती गमावणारे. तेथे दुरावलेल्या मुलाला वाचविण्याची सविस्तर योजना आहे आणि प्रत्येक दुव्याला उत्तर आहे. पहिल्या चित्रपटात उत्तर नाही. फ्रँकच्या शेवटाविषयी तो खात्रीने काही सांगत नाही. केटला काय कळले, एवढेच मॅक्डोनाल्ड यांच्या चेहऱ्यावर वाचावे लागते, आणि तो चेहरा दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यापेक्षा कमी क्षमाशील वाटतो.