आधी बिऱ्हाड, मग डिस्क

कर्जतहून घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला थांबली की मी अजूनही फलाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जातो. मागून रेटा देणारी इंजिनं, ज्यांना इथं सगळेच बँकर म्हणतात, ती तिथं सुटतात. सदतिसास एक असा चढ त्यांनी अंगावर घेतलेला असतो. ती सुटतात, गाडी पुण्याकडे निघते, आणि डब्यातला माणूस चिक्कीचा पुडा फोडत असतो.

चालत्या सर्व्हरच्या साठ्यातून एखादी डिस्क काढून घेण्याची लिनक्समधली रीत मला याच घराण्यातली वाटते. पीव्हीमूव्ह, व्हीजीरिड्यूस, पीव्हीरिमूव्ह: एवढ्या तीन आज्ञा. हाइन्त्स मावेल्सहागेन यांनी १९९८ साली एचपी-यूएक्सच्या धर्तीवर लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं. तेव्हापासून कोड पुष्कळ बदलला, पण या तीन शब्दांचा क्रम आजही तोच आहे. माझा जीव त्या क्रमावरच जडला आहे.

एलव्हीएम अनेक डिस्कांचं एकच कोठार करतं आणि त्या कोठाराचे चार-चार मेबीबाइटचे सारखे खण पाडतं. पाचशे जीबीच्या डिस्कवर असे एक लाख एकोणीस हजारांच्या वर खण होतात. तुमची फाइल कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या खणात आहे हे तिला स्वतःलाच ठाऊक नसतं. ते एलव्हीएमच्या वहीत असतं. म्हणून डिस्क काढणं हे स्क्रूड्रायव्हरचं काम उरत नाही. आधी बिऱ्हाड हलवायचं असतं.

गेल्या आषाढात लोणावळ्यातल्याच एका संस्थेत मी अशी एक डिस्क काढली. जुन्या कागदपत्रांचे स्कॅन तिच्यावर होते. डिस्कच्या स्वतःच्या नोंदीत बदली केलेल्या सेक्टरांचा आकडा दर आठवड्याला चढत होता. डिस्क अजून वाचत होती, आणि हीच वेळ महत्त्वाची. पीव्हीमूव्हला जुना खण वाचता यावा लागतो. डिस्क पूर्ण मेल्यावर या तीन आज्ञांच्या रचनेतली पहिली ओळच म्हणता येत नाही.

बाहेर ढग खिडकीतून आत येत होता. हिशेब बघणाऱ्या ताईंनी विचारलं, "सर, मी काम थांबवू का?"

"नाही ताई, चालू द्या तुमचं."

हे वाक्य निर्धास्तपणे म्हणता येणं हाच मला या रचनेचा प्राण वाटतो. पीव्हीमूव्ह सुरू होताच एलव्हीएम एक तात्पुरता आरसा उभा करतं. जुन्या खणातला मजकूर नव्या डिस्कवरच्या मोकळ्या खणात उतरत जातो. जो भाग उतरून झाला, त्यात ताईंनी त्याच क्षणी काही लिहिलं तर ते दोन्हीकडे लिहिलं जातं. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या की वहीतला पत्ता बदलतो, आणि मगच जुनी जागा मोकळी होते. काम संपलं की आरसा काढून टाकला जातो, त्याची खूण मागे राहत नाही. हाच तो बँकर! चढापुरता जोडलेला, माथ्यावर सोडलेला.

पडद्यावर दर पंधरा सेकंदांनी एक ओळ उमटते: एवढे टक्के हलले. तिच्यात दुसरं काहीच नसतं. विलंबित लयीसारखी ती पुढे सरकते, आणि ऐकणाऱ्यानं घाई केली तर रस जातो.

पावणेचारला वीज गेली. यूपीएसनं थोडा दम धरला, मग सर्व्हर बंद पडला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. टक्के एकेचाळीसवर होते. वीज आली, यंत्र उठलं, आणि मी कोणतंही नाव न देता नुसतं पीव्हीमूव्ह लिहिलं. जिथवर काम पुरं झाल्याची नोंद वहीत होती, तिथून त्यानं पुढे सूत धरलं. आज्ञेचं हे बिनशब्दांचं रूप मला तिच्या पूर्ण रूपाहून देखणं वाटतं. काय हलवायचं हे तिला पुन्हा सांगावं लागत नाही.

दरम्यान एक गोष्ट घडली होती. सुरुवातीला जी डिस्क एसडीबी होती, ती यंत्र उठल्यावर एसडीसी झाली होती. ही अक्षरं जन्मनावं नव्हेत. यंत्र उठताना ज्या क्रमानं डिस्का दिसतात त्या क्रमानं ती वाटली जातात. एलव्हीएम मात्र डिस्कच्या सुरुवातीलाच कोरलेल्या बत्तीस अक्षरांच्या ओळखीवरून तिला ओळखतं, त्यामुळे त्याची गफलत झाली नाही. माझी झाली असती. म्हणून मी डिस्कचा सिरियल नंबर कागदावर उतरवून घेतला.

संध्याकाळी सातला पीव्हीएसच्या तक्त्यात त्या डिस्कसमोरचे शेवटचे दोन रकाने, एकूण जागा आणि मोकळी जागा, सारखे झाले. आता व्हीजीरिड्यूस. हा या रचनेचा मधला चरण, आणि तो मुख्यतः नकारासाठी लिहिलेला आहे. डिस्कवर एक जरी खण भरलेला असला तरी तो म्हणतो, 'अजून वापरात आहे', आणि जागचा हलत नाही. एकेचाळीस टक्क्यांवर विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. एक लाख एकोणीस हजार खणांतल्या एका खणासाठी जो अडून बसतो, त्याच्यावर माणूस आपल्या संस्थेचे कागद सोपवू शकतो. हरवलेल्या डिस्का जबरदस्तीनं वगळण्याचा पर्यायही त्याच आज्ञेत आहे, पण तो वापरायचा तर त्यांच्यावरचे व्हॉल्यूमही सोडावे लागतात. तो दुखवट्याचा पाठ आहे, इथला नव्हे.

यावेळी नकार आला नाही. शेवटी पीव्हीरिमूव्हनं डिस्कवरची एलव्हीएमची ओळख पुसली. एवढीशी आज्ञा, पण तिच्यामुळे ही डिस्क उद्या दुसऱ्या यंत्रात लावली तरी ती जुन्या कोठाराचा हक्क सांगत येणार नाही. मग कर्नेललाही ती सोडायला सांगितली. दिवा विझला.

कागदावरचा नंबर आणि ट्रेवरचा नंबर दोनदा ताडून मी खटका दाबला. डिस्क बाहेर आली तेव्हा अजून कोमट होती, पावसाळ्यात हातात धरून ठेवावीशी वाटेल इतकी. ताई पावत्यांचा शेवटचा गठ्ठा स्कॅन करत होत्या.

"झालं का सर सुरू तुमचं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.