न आलेली पाऊण कोटी उत्तरे

पुरावा प्रातिनिधिक आहे की नाही हे कसे पारखावे, याचे एक उदाहरण संख्याशास्त्राच्या पुस्तकांत हमखास भेटते. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका टपालाने धाडल्या. सुमारे २४ लाख भरून परत आल्या. त्यांवरून अंदाज निघाला : लँडन ५७ टक्के, रूझवेल्ट ४३. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते पडली. लँडन यांच्या पदरात ४८ पैकी फक्त २ राज्ये आली.

पुस्तके कारण देतात ते असे : पत्ते टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून घेतले, मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार खाऊनपिऊन सुखी असलेल्यांकडेच, आणि ते लँडनच्या बाजूचे. आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. कारण चटकन पटते, म्हणून पुढे कोणी विचारत नाही. पण याच साप्ताहिकाचा, याच पद्धतीने काढलेला १९३२ चा अंदाज निकालाच्या अगदी जवळ गेला होता, त्याचे काय?

पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये गॅलपची १९३७ मधील एक पाहणी पुन्हा तपासली. डायजेस्टची पत्रिका आली होती का, परत धाडली का, मत कोणाला दिले, असे त्यात लोकांना विचारले होते. पत्रिका मिळालेल्यांतही बहुमत रूझवेल्टचेच निघाले! परत पाठवणाऱ्यांत मात्र लँडनचे पारडे किंचित जड. म्हणजे यादी कललेली होती खरी, पण निकाल उलटला तो गप्प बसलेल्यांमुळे. (निवडणूक झाल्यावर विचारले की विजेत्याला मत दिल्याचे सांगणारे थोडे वाढतात, तेव्हा हे आकडेही जपूनच घ्यावेत.)

‘नमुना कोणातून घेतला?’ हा प्रश्न पुस्तके शिकवतात. ‘त्यांतले बोलले कोण?’ हा शिकवत नाहीत, ही आमची तक्रार आहे. वर्गाच्या हजेरीपटातून एकही नाव गळलेले नसते. तरी ‘समजले का?’ असे विचारल्यावर ‘हो’ येतो तो पुढच्या दोन बाकांवरून.

हे उदाहरण घ्यायचे तर आकडे फळ्यावर लिहून कारण मुलांनाच शोधू द्यावे. बरेच जण प्रथम मोटारींपाशी थांबतील. आम्हीही तिथेच थांबलो होतो.