नदी वाचणारे भाऊ

मासेमारीवरील पुस्तक म्हटले की आपल्या किनारपट्टीवरील वाचकाच्या डोळ्यांपुढे जाळे, होडी आणि भरती-ओहोटी उभी राहते. नॉर्मन मॅक्लीन यांच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या दीर्घकथेत यांपैकी काहीच नाही. अमेरिकेतील माँटाना राज्यातली बिग ब्लॅकफूट नदी, तीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ट्राउट धरणारे दोन भाऊ आणि त्यांना ही विद्या शिकविणारा प्रेस्बिटेरियन पाळक बाप, एवढाच तिचा प्रपंच. शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या मॅक्लीन यांचे हे पहिले कथापुस्तक १९७६ साली, त्यांच्या वयाच्या ७३ व्या वर्षी प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी त्याची शिफारस केली. मंडळाने मात्र त्या वर्षी कथावाङ्मयाला पारितोषिकच दिले नाही. पुस्तक त्यावाचून टिकले. ते का टिकले, याचा शोध आम्हांला घ्यावासा वाटतो.

प्रथम या विद्येविषयी. ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. नदीवर जन्मणारे बारीक कीटक हे त्याचे अन्न. म्हणून पिसे आणि दोरा गळाला बांधून त्या कीटकाची प्रतिकृती करावयाची आणि ती पाण्यावर अलगद उतरवावयाची. या ‘माशी’ला वजन जवळजवळ नसतेच. फेकली जाते ती जड दोरी. माशी केवळ तिच्यामागून जाते. त्यामुळे इथे बळाचा उपयोग नाही, लयीचा आहे. कथेतील बाप मुलांना चार मात्रांच्या ठेक्यावर, मेट्रोनोम लावून, दोरी फेकायला शिकवितो. माणूस मुळात पतित आहे आणि सौंदर्य त्याला शिस्तीवाचून गवसत नाही, हे त्याचे धर्मशास्त्र त्या ठेक्यातच सामावलेले आहे. कॅथलिक वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. मात्र कृपा मनगटाच्या सरावातून उतरते असे म्हणताना तो क्षणभर थबकेल.

या छंदाभोवती एक जमात उभी राहिली आणि तिला पंथाची सगळी लक्षणे चिकटली. आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँगलर’ (१६५३) हा तिचा आदिग्रंथ. हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माशीची शास्त्रोक्त मांडणी केली आणि त्यांच्या अनुयायांनी तिचा धर्मनियम केला. स्क्यूज यांनी पाण्याखालील कीटकाची नक्कल करून मासे धरावे असे १९१० पासून मांडले, तेव्हा तो जणू पाखंड ठरला. १९३८ साली लंडनमधील माशीवाल्यांच्या क्लबात यावर रीतसर वाद झडला.

मॅक्लीन या पंथाचेच लेकरू आहेत आणि आमच्या मते त्यांचे मोठेपण असे की, पंथाचा गर्व ते लपवीत नाहीत. नायकाचा मेहुणा नील डब्यात गांडुळे घेऊन मासे धरायला येतो, एवढ्यावरच तो अर्धा माणूस ठरतो. ख्रिस्ताचे शिष्य उत्तम मच्छीमार, म्हणजे माशीवालेच असले पाहिजेत आणि लाडका योहान तर तरंगती माशी वापरणारा, अशी या मुलांची बालपणीची समजूत! उत्तनच्या वा नायगावच्या कोळीवाड्यात कोणी हे वाचले तर हसू आवरणार नाही. गालील सरोवरावर जाळी होती, ओढणारे अनेक हात होते आणि रिकाम्या जाळ्याचा अर्थ घरी चूल पेटत नाही असा होता. मॅक्लीन यांचे मच्छीमार पोटासाठी पाण्यात उतरत नाहीत. तेथे प्रत्येक जण एकटा उभा असतो आणि ही कथा त्या एकटेपणाचीच आहे.

धाकटा भाऊ पॉल हा गळाचा कलावंत. पाण्याबाहेर तो दारू, जुगार आणि मारामाऱ्या यांत बुडत चाललेला आहे. कोठडीतून त्याला आणायला जाणारा थोरला भाऊ काही बोलू पाहतो. बोलणे निसटते आणि दोघे पुन्हा मासे धरायला निघतात. पाण्यावरची रेघ पाहून खाली कोणता दगड आहे हे सांगणाऱ्या या माणसांना एकमेकांच्या मनाचा तळ दिसत नाही. ज्याच्यावर आपले सर्वाधिक प्रेम आहे तो मदत मागत नाही आणि आपल्यालाही ती देता येत नाही, हे दुःख कोणत्या कुटुंबाने पाहिलेले नाही? व्यसनाने पोखरलेली घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत.

पॉल मारला जातो. प्रत्यक्षात ही हत्या १९३८ साली शिकागोत झाली. कथेत लेखकाने ती माँटानात आणली आहे. त्याच्या हाताची हाडे मोडली होती हे कळताच बाप विचारतो, कोणत्या हाताची? उत्तर मिळते, उजव्या. माशी फेकणारा हात तोच. मॅक्लीन येथे एकही विशेषण खर्च करीत नाहीत. तत्पूर्वी, तिघांच्या अखेरच्या सहलीत, बाप काठावर बसून योहानाचे शुभवर्तमान मूळ ग्रीकमध्ये वाचीत असतो. आधी शब्द की आधी पाणी, यावर बापलेकांचे बोलणे होते आणि पाण्याच्या तळाशीही शब्दच आहेत, असे बाप सुचवितो. पूर्ण न उमगलेल्या माणसावर पूर्ण प्रेम करता येते, हा कथेचा निष्कर्ष या बोलण्यातून उगवतो. म्हणून तो उपदेश वाटत नाही.

आमचे आक्षेपही आहेत. या कथेतील स्त्रिया एकतर खंबीर गृहिणी, नाहीतर हास्यास्पद वेश्या. पॉलच्या मूळनिवासी प्रेयसीला स्वतःचे मन फारसे लाभत नाही. नदीचे चित्रही आठवणीतले आहे. पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, उगमाजवळच्या माइक हॉर्स खाणीचा बांध फुटून विषारी गाळ तिच्यात शिरला होता. रॉबर्ट रेडफर्ड यांनी १९९२ साली चित्रपट केला तेव्हा बरेचसे चित्रीकरण गॅलटिन नदीवर करावे लागले. त्या चित्रपटाला छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले आणि हौशी माशीवाल्यांची गर्दी नद्यांवर लोटली. पडद्यावरचे सोनेरी ऊन पाहून आलेल्या त्या मंडळींपैकी कितीजणांनी मोडलेला उजवा हात लक्षात ठेवला असेल?

तरीही या जमातीच्या पदरात एक पुण्य टाकलेच पाहिजे. धरलेला मासा पुन्हा सोडून देण्याची रीत, जी कथेतील भावांना ठाऊक नव्हती, तिने पुढे रुजविली. आणि ब्लॅकफूटच्या शुद्धीसाठी शेतकऱ्यांसह वर्षानुवर्षे राबणाऱ्यांत हे गळवाले अग्रभागी होते. भावाला वाचविता आले नाही, नदी मात्र काही अंशी वाचविता आली. मॅक्लीन १९९० साली निवर्तले. त्यांच्या पुस्तकाची शंभरेक पाने आमच्या वाचकांनी अवश्य वाचावीत आणि पुस्तक मिटल्यावर घरातल्या अबोल माणसाशेजारी थोडा वेळ बसावे.