अनुक्त कर्ता : जपानी महाकाय-प्राणिपटांचा अर्थ आणि आकर्षण

जपानमधील महाकाय प्राण्यांचे चित्रपट हा विषय विद्यापीठीय टीकेच्या कक्षेत यावा काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रबरी कातड्यात शिरलेला नट आणि त्याच्या पायाखाली कोसळणारी लाकूड-प्लास्टरची छोटी शहरे, एवढ्यावरून या प्रकाराची बालरंजनात गणना करून मोकळे होणे सोपे आहे. परंतु 1954 साली जन्मलेली ही परंपरा सात दशके टिकून आहे, आणि जपानी समाजावर मोठे संकट कोसळल्यावर ती नव्याने अर्थपूर्ण होते. तेव्हा तिच्या मुळाशी केवळ तांत्रिक करामतीपलीकडचे काहीतरी असले पाहिजे. ते काय असावे, याचा भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्या चाचणीची किरणोत्सारी राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील 23 जणांना तिची बाधा झाली आणि त्यांपैकी एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. 3 नोव्हेंबर 1954 रोजी तोहो कंपनीचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच समुद्रावर एकाएकी लखलखाट होतो आणि एक नौका पेटून बुडते. प्रेक्षकांना हा संदर्भ उलगडून सांगण्याची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा हे चीनमधील लष्करी सेवेवरून परतताना हिरोशिमा पाहून आलेले होते.

या आधारावर 'गोजिरा म्हणजे अणुबॉम्ब' असे समीकरण रूढ झाले आहे. ते चूक नाही. पण अपुरे खास आहे. असे समीकरण मांडले की अर्थ हाती लागल्याचे समाधान मिळते आणि चौकशी तेथेच थांबते. शिवाय कथानकाशी ते तंतोतंत जुळतही नाही. गोजिरा हा बॉम्ब नव्हे. तो बॉम्बमुळे निवासस्थानातून उखडला गेलेला, स्वतः किरणोत्साराने ग्रासलेला प्राणी आहे. टोकियो उद्ध्वस्त करणारा 'कर्ता' होण्यापूर्वी तो दुसऱ्या एका क्रियेचे 'कर्म' झालेला आहे. त्याची खडबडीत, व्रणांकित त्वचा अणुस्फोटात भाजलेल्यांच्या वणांची आठवण करून देते, हे अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. म्हणजे एकाच देहात मारणारा आणि मारला गेलेला असे दोघेही नांदतात. रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद असतो. येथे अभेद आहे तो परस्परविरोधी कारकांचा.

नावाचा विचार केला तर हीच गोष्ट वेगळ्या रीतीने प्रत्ययास येते. 'गोजिरा' हा 'गोरिरा' आणि 'कुजिरा' या दोन शब्दांचा मिश्रशब्द आहे. पहिला 'गोरिला'चे जपानी रूप, म्हणजे परकीय. दुसरा देवमाशासाठी असलेला अस्सल जपानी शब्द. परंतु कथानकात हे नाव ओदो नामक बेटावरील कोळ्यांच्या जुन्या दंतकथेतून आलेले आहे. वृद्ध कोळी ते उच्चारतो तेव्हा तरुण मुली त्याला हसतात. पुढे प्राणिशास्त्रज्ञ यामाने हेच नाव स्वीकारतात. शास्त्राजवळ नसलेला शब्द परंपरेजवळ होता, असे चित्रपट सुचवितो. मराठीत रूढ झालेले 'गॉडझिला' हे रूप इंग्रजीमार्गे आले. त्यातील 'गॉड' ही ध्वनी-छटा मूळ शब्दात नाही. मूळ उच्चार मराठी कानाला 'साजिरा-गोजिरा' या जोडीची आठवण करून देतो, हा निव्वळ योगायोग होय. पुढच्या काळात मात्र हा योगायोग काहीसा खरा ठरला, हे ओघाने येईलच.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळू. जपानी वाक्यात कर्ता अनुक्त ठेवण्याची मोठी मुभा आहे. संदर्भावरून तो जाणून घ्यावयाचा असतो. क्रियापदाच्या रूपावरून पुरुष किंवा वचन कळत नाही. ही सामान्य व्याकरणिक सोय युद्धोत्तर काळात नैतिक प्रश्न होऊन बसली. हिरोशिमा येथील स्मारकावर 1952 साली कोरलेला लेख याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मृतांना शांती चिंतून, ती चूक पुन्हा घडू दिली जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. मूळ जपानी लेखात ही ग्वाही देणारा कर्ता शब्दाने सांगितलेला नाही. चूक कोणाची? जपानची, अमेरिकेची, की अखिल मानवजातीची? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियो खटल्यातील भारतीय न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी हिरोशिमास भेट दिली. बॉम्ब टाकणारे जपानी नव्हते, मग हे शब्द जपान्यांनी का उच्चारावेत, असा आक्षेप त्यांनी घेतला. समर्थकांनी, येथे कर्ता मानवजात आहे, असे उत्तर दिले. एका वाक्यातील रिकाम्या जागेवरून हा वाद उभा राहिला होता.

यानंतर दोन वर्षांनी आलेला 'गोजिरा' याच रिकाम्या जागेभोवती रचलेला आहे, असे आमचे मत आहे. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांचा उल्लेख त्यात वारंवार येतो. पण चाचण्या करणाऱ्या राष्ट्राचे नाव येत नाही. आगगाडीतील एक तरुणी किरणोत्सारी मासे आणि पाऊस यांविषयी कुरकुरते, आपण नागासाकीतून वाचल्याचे सांगते. पण त्या साऱ्यामागे कोण आहे, हे तीही बोलत नाही. संसदेतील प्रसंगात प्राण्याचे मूळ जाहीर करावे की लपवावे यावर खडाजंगी होते. आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील म्हणून मौन पाळावे असा एका पक्षाचा आग्रह, तर सत्य सांगितलेच पाहिजे असा महिला सदस्यांचा. ज्याचे नाव घ्यावयाचे नाही त्याच्या जागी पन्नास मीटर उंचीचा एक प्राणी समुद्रातून वर येतो. व्याकरणाने मोकळी ठेवलेली जागा चित्रपटाने देहाने भरली. आणि हा देह बोलत नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबलबासच्या सैल तारेवरून घासून त्याची गर्जना निर्माण केली. ती ना पशूची वाटते, ना यंत्राची. तिच्यात क्रोध आणि वेदना वेगळ्या काढता येत नाहीत.

भरताने रौद्रापासून करुणाची उत्पत्ती मानली आहे. पहिल्या 'गोजिरा'ची रचना या सूत्राला विलक्षण जवळची आहे. एइजी त्सुबुराया यांनी उभारलेले टोकियोचे दहन संपले, की कॅमेरा विजयाकडे किंवा प्रतिहल्ल्याकडे न वळता रुग्णालयाच्या जमिनीवर ओळीने निजविलेल्या जखमींकडे वळतो. एका बालकाजवळ किरणोत्सारमापक यंत्र धरले जाते आणि शास्त्रज्ञ मुकाट्याने मान हलवितो. त्याआधी, आगीच्या वेढ्यात एक आई मुलांना उराशी धरून, आता लवकरच वडिलांची भेट होईल, असा धीर देते. 10 मार्च 1945 च्या हवाई हल्ल्यात टोकियोतील सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली होती. प्रेक्षागृहात त्या रात्रीचे साक्षीदार बसलेले असणार. त्यांना हे दृश्य नवे नव्हते. ते परके होऊन पाहण्याची सोय मात्र नवी होती. साधारणीकरण ज्यास म्हणतात ते येथे प्राण्याच्या काल्पनिकपणामुळेच शक्य झाले. शोकाला विशिष्ट शत्रूच्या द्वेषाची अट राहिली नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. सुझन सॉन्टॅग यांनी 1965 साली लिहिलेल्या निबंधात अशा चित्रपटांचा परामर्श घेतला. ते जगाच्या विनाशाची भीती प्रकट करतात, पण तिला सुसह्य आणि सवयीची करून तिची धार घालवतात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. विध्वंसाचे सौंदर्य हेही या आकर्षणाचे एक अंग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रचंड इमारत कोसळताना पाहण्यात एक आदिम आनंद असतो आणि मुले तो लपवीत नाहीत. बहुसंख्य प्राणिपटांना सॉन्टॅग यांचा निष्कर्ष लागू पडतो. पहिल्या चित्रपटाला तो पुरता लागू पडत नाही, याचे कारण सेरिझावा हे पात्र होय.

युद्धात एक डोळा गमावलेल्या या संशोधकाला पाण्यातील प्राणवायू नष्ट करणारे द्रव्य सापडले आहे. गोजिराला मारण्यास ते समर्थ आहे. पण एकदा वापरले की राज्यकर्ते ते शस्त्र म्हणून हस्तगत करतील, हे तो जाणतो. अखेरीस तो आपले सर्व कागद जाळतो, समुद्राच्या तळाशी द्रव्य सोडतो आणि आपली हवेची नळी तोडून घेतो. अनुक्त कर्त्यांच्या या चित्रपटात 'हे मी केले, याचा जबाबदार मी' असे कृतीने म्हणणारा हा एकच मनुष्य आहे. त्याचा मार्ग योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. ज्ञान नष्ट करून जबाबदारी पार पडते काय, याची शंका चित्रपटालाही आहे. कारण शेवटी यामाने, चाचण्या चालू राहिल्या तर असा दुसरा प्राणीही प्रकटेल, ही भीती बोलून दाखवितात.

1956 साली अमेरिकेत या चित्रपटाची जी आवृत्ती आली ती भाषाभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. रेमंड बर हा नट अमेरिकन वार्ताहर म्हणून तीत घातला गेला आणि कथा त्याच्या निवेदनातून उलगडली. अनेक ठिकाणी जपानी संभाषण तसेच ठेवून त्याचा अर्थ दुभाष्याकडून सांगविला आहे. हायड्रोजन बॉम्बचा उल्लेख उरला. पण आगगाडीतील संभाषण आणि यामानेंचा इशारा गेला. जग पुन्हा निर्धास्त झाले, अशा अर्थाने शेवट केला गेला. मूळ चित्रपटात ज्या जागी प्रश्न होता त्या जागी पूर्णविराम आला.

जपानमध्येही अर्थ पालटत गेला. 1961 च्या 'मोसुरा'त 'रोरिशिका' नावाचे काल्पनिक राष्ट्र आहे. रशिया आणि अमेरिका यांच्या जपानी नावांचा तो मिश्रशब्द होय. कर्त्याचे नाव घेण्याचे धैर्य येथे विनोदाच्या आडून आले. 1964 च्या तीन प्राण्यांच्या चित्रपटात मोसुराच्या दोन इवल्या सख्या प्राण्यांच्या संवादाचे भाषांतरच करतात. मानव आम्हांस सदैव छळत आले, मग त्यांच्यासाठी आम्ही का लढावे, असे गोजिराचे म्हणणे निघते. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याच क्षणी प्राण्याचे गूढ संपते. वाचा फुटलेला गोजिरा मुलांचा मित्र झाला, मराठी अर्थानेही 'गोजिरा' झाला.

2011 च्या भूकंप, सुनामी आणि फुकुशिमा दुर्घटनेनंतर, 2016 साली हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी 'शिन गोजिरा' काढला, तेव्हा जुना प्रश्न नव्या रूपात परतला. तेथे मंत्री आणि अधिकारी अखंड बोलतात, एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जातात. वाक्ये पुष्कळ, पण निर्णयाचा कर्ता सापडत नाही. 2023 च्या ताकाशी यामाझाकी यांच्या चित्रपटात ही रिकामी जागा एका व्यक्तीने भरली : आत्मघातकी हल्ल्यातून माघार घेतलेला आणि वाचल्याची लाज वाहणारा वैमानिक. अपराधाचा उच्चार प्रथमपुरुषी एकवचनात झाला.

तरीही एक जागा रिकामीच आहे. चीन, कोरिया आणि आग्नेय आशिया येथे जपानी सैन्याने जे केले, त्या क्रियांचा कर्ता या परंपरेने क्वचितच उच्चारला. सोसलेल्या दुःखाचा प्रामाणिक उच्चार करीत असतानाच, दिलेल्या दुःखाविषयी मौन राहू शकते. अनुक्त कर्त्याची सोय दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. पहिल्या 'गोजिरा'चे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. त्याची मर्यादा मात्र कळते. एकाच देहात कर्ता आणि कर्म यांना नांदविणारी ही प्रतिमा जपानी कलावंतांनीच घडविली आहे. तिच्यातील 'कर्म' जपानी प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले; तिच्यातील 'कर्ता'ही आपणच असू शकतो, या वाचनाला तिने मज्जाव केलेला नाही. ते वाचन करणे हे पुढील टीकेचे काम आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी 1954 आणि 1956 च्या आवृत्त्या लागोपाठ पाहून, प्रत्येक ठिकाणी क्रिया कोणाची आणि ती कोणी सोसली, एवढे जरी टिपून ठेवले, तरी त्या कामास आरंभ होईल.