कोणाच्या घरची?

आमच्या अड्याळ गावात कुठलेही छायाचित्र हातात आले की पहिला प्रश्न ठरलेला : ही कोणाच्या घरची? शहरी समीक्षकाला तो गावंढळ वाटेल. देहाच्या छायाचित्रणाला विचारावा असा याहून मोलाचा प्रश्न मला तरी सापडलेला नाही.

आपल्याकडे या कलेची चर्चा झाली ती मुख्यतः कोर्टात. १९९५ साली प्रबुद्ध दासगुप्ता यांनी बुटांच्या एका जाहिरातीसाठी मॉडेल मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे छायाचित्र काढले. अंगावर फक्त बूट आणि एक अजगर. खटला चौदा वर्षे रखडला आणि २००९ मध्ये सगळे निर्दोष सुटले. एवढ्या काळात वाद झाला तो कपड्यांचा. त्या चित्रातला उजेड, दोन शरीरांची ठेवण यांवर मराठीत काही गंभीर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. दासगुप्तांचे १९९६चे ‘विमेन’ हे पुस्तकही असेच गाजले आणि न पाहताच राहिले. त्यांची खरी उंची मला नंतरच्या ‘लाँगिंग’ या कृष्णधवल मालिकेत दिसते. तिथे जवळीक दाखवायला देह उघडा करावा लागत नाही.

नग्नतेच्या बाजूने बोलताना मार्कंड्याची मंदिरशिल्पे पुढे करायची आपली सवय आहे. १९५४ साली चित्रकार अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ चित्रांवर खटला झाला आणि ते सुटले, हाही दाखला दिला जातो. दोन्ही खरे, पण इथे अपुरे. दगडातल्या किंवा रंगातल्या जोडप्याला घर नसते. छायाचित्रातल्या बाईला असते, तिथे तिला परत जायचे असते.

मेरी एलेन मार्क या अमेरिकन छायाचित्रकार मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत गेल्या, तेव्हा सुरुवातीला तिथल्या बायकांनी त्यांच्या अंगावर कचरा आणि पाणी फेकले. त्या येत राहिल्या, मग दारे उघडली. १९८१च्या त्यांच्या पुस्तकात खोल्यांतले अगदी खासगी क्षण आहेत. चित्रे श्रेष्ठ आहेत, यात शंका नाही. पण दार उघडणारीला ते पुस्तक कुठवर जाईल हे उमगले होते का, हा प्रश्न पान उलटताना सुटत नाही. मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांमागे वर्षानुवर्षे राहिले. गटारात उतरलेले ते उघडे, घाणीने माखलेले अंग पाहताना नजर चाळवत नाही, शरमेने खाली जाते. जात शरीरावर कशी बसते, हे मराठी माणसाने काढलेल्या फार थोड्या छायाचित्रांत दिसते.

आणि आमच्याकडे काय? आषाढात धानाची रोवणी सुरू झाली की भंडारा-पवनी रस्त्यावर गाड्या थांबतात. लुगडे खोचून, पऱ्ह्याची जुडी हातात धरून वाकलेल्या बायका पाठीमागून टिपल्या जातात. ‘श्रमसौंदर्य’ अशा नावाखाली ती चित्रे स्पर्धेत जातात. स्टुडिओत समजून-उमजून उभ्या राहिलेल्या नग्न मॉडेलच्या चित्रापेक्षा मला ही जास्त अश्लील वाटतात, कारण इथे कोणी विचारलेलेच नसते.

तेव्हा यंदा कॅमेरा घेऊन याल तर आधी धानाच्या बांधीत उतरा, समोरच्या बाईला तिचे नाव विचारा, आणि काढलेले छायाचित्र सर्वांत आधी तिला दाखवा. ती नको म्हणाली, तर तिथेच पुसून टाका.