पंधरा वर्षांचे काम चार दिवसांत?

मेरिलँड विद्यापीठाचे मॅथ्यू हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘सायन्स’मध्ये जगातील वृक्षाच्छादनाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी लँडसॅट-७ उपग्रहाच्या सुमारे ६ लाख ५४ हजार प्रतिमा तपासल्या गेल्या. नकाशातला प्रत्येक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाजूचा चौकोन. काम मोठेच आहे. पण गूगलने त्याची ओळख करून देताना जे सांगितले, त्याबद्दल आमची तक्रार आहे. एका संगणकाला १५ वर्षे लागली असती ते १०,००० संगणकांनी काही दिवसांत उरकले, असे ते वाक्य.

एकूण १० लाख प्रोसेसर-तास लागले, असेही तेथेच म्हटले आहे. हा आकडा वर्गात फळ्यावर लिहावा. त्याला १०,००० ने भागले की १०० तास येतात, म्हणजे चार दिवसांहून थोडे अधिक. पण १० लाख तासांची वर्षे केली तर येतात ११४! १५ शी मेळ घालायचा तर तो ‘एक संगणक’ सात-आठ प्रोसेसर एकदम चालवणारा धरावा लागतो.

याहून खटकते ते निराळेच. संगणक दहा हजारपट केले की वेळ आपोआप तितका घटतो, असा समज अशा वाक्यातून होतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना तो पटणार नाही. चाळीस जणांना सारखे गठ्ठे वाटले, तरी ज्याच्या वाट्याला पुरवण्यांनी फुगलेले पेपर आले तो संध्याकाळपर्यंत बसतो. बाकीचे चहा पितात. म्हणून गठ्ठे लहान करावेत आणि ज्याचा संपेल त्याने टेबलावरून नवा उचलावा. फार लहान केले तर मात्र उठबस करण्यातच वेळ जातो. संगणकसमूहातही हेच घडते. ढगांनी झाकलेला तुकडा लवकर संपतो, दुसरा रेंगाळतो. आणि प्रतिमा डिस्कवरून येईपर्यंत प्रोसेसर नुसता ताटकळतो.

शेवटी निकालपत्रक एकालाच करावे लागते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा हाच. कामाचा ५ टक्के भाग वाटता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर जोडा, वेग २० पटींपलीकडे जात नाही. जंगलाच्या नकाशात दहा हजारांचा उपयोग झाला, कारण एका ठिपक्याचा निर्णय शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून नव्हता. खरी सांगण्याजोगी गोष्ट ही होती!

नकाशावरचा गंभीर आक्षेप तर वेगाशी संबंधितच नाही. पाच मीटरहून उंच असलेली सर्व वनस्पती या नकाशात ‘वृक्ष’ ठरते. त्यामुळे लागवडीही जंगलात मोजल्या जातात, अशी टीका ट्रोपेक व सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘सायन्स’मध्येच केली. या व्याख्येने कोकणातली जुनी, उंच आमराईही सह्याद्रीतल्या रानाच्याच रकान्यात जाते.