शून्याचा अर्थ : अमेरिकन सामुदायिक महाविद्यालयांच्या सुरक्षा-अहवालांची चिकित्सा

१

ज्या अमेरिकन महाविद्यालयांचे विद्यार्थी संघराज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या व शैक्षणिक कर्जे घेतात, त्या प्रत्येक महाविद्यालयास दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत एक सुरक्षा-अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. मागील तीन वर्षांत कोणते गुन्हे किती झाले याचे तक्ते आणि सुरक्षाविषयक धोरणांची निवेदने, असे त्याचे दोन भाग असतात. हा अहवाल कायद्याच्या आज्ञेने लिहिला जातो आणि बहुधा कायद्याचे समाधान होण्यापुरताच वाचला जातो. तथापि तो विद्यार्थ्यास उद्देशून केलेले एक विधान आहे आणि त्या विधानावर विसंबून माणसे निर्णय घेतात. यास्तव तो काय सांगतो, काय सांगितल्याचा भास निर्माण करतो आणि काय सांगूच शकत नाही, याची चिकित्सा भाषाभ्यासकानेही करावयास हवी.

या लेखनप्रकाराचे मूळ एका दुःखद घटनेत आहे. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्याच खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आवारातील गुन्ह्यांविषयी विद्यार्थ्यांस व पालकांस आधी माहिती मिळावयास हवी होती, या मागणीसाठी तिच्या आईवडिलांनी चळवळ केली. त्यातून १९९० चा कायदा झाला. १९९८ मध्ये त्यास जीन क्लेरीचे नाव देण्यात आले. २००७ साली व्हर्जिनिया टेक येथे ३२ जणांची हत्या झाल्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने तातडीच्या सूचनांचे कलम त्यात आले. २०१३ मध्ये कौटुंबिक हिंसा, प्रेमसंबंधांतील हिंसा व पाठलाग यांची भर पडली. डिसेंबर २०२४ मध्ये नवागतांच्या छळाच्या घटनाही मोजण्याचे बंधन आले. कायद्याचा विस्तार असा होत गेला. परंतु त्याच्या मुळाशी असलेले चित्र वसतिगृहाचेच राहिले. विद्यार्थी आवारात राहतो, तेथेच निजतो, तेथेच त्याला जपावयाचे असते, हे गृहीत त्याच्या रचनेत खोलवर मुरलेले आहे.

सामुदायिक महाविद्यालय या चित्रात बसत नाही. १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे सुरू झालेल्या या परंपरेतील संस्था दोन वर्षांचे शिक्षण देतात, प्रवेश बहुधा सर्वांस खुला ठेवतात आणि आसपासच्या वस्तीतील नोकरदार, प्रौढ, अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची सोय पाहतात. त्यांतील बहुसंख्य संस्थांना वसतिगृह नाही. विद्यार्थी मोटारीने वा बसने येतो, दोन तास वर्गात बसतो आणि निघून जातो. वसतिगृहासाठी बेतलेला अहवाल अशा संस्थेने भरून दिला म्हणजे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

अहवालातील सर्व तक्त्यांच्या मुळाशी ‘रिपोर्टेड’ हा एक इंग्रजी शब्द आहे. तो मराठीत आणू गेल्यास अडचण येते, आणि ही अडचणच उद्बोधक आहे. मराठीत ‘कळविणे’ आणि ‘नोंदविणे’ या दोन भिन्न क्रिया आहेत. कळविण्याचा कर्ता ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो, किंवा त्याचा साक्षीदार. नोंद मात्र अधिकारी घेतो. फिर्याद घेऊन गेलेल्या माणसाची ‘नोंद झाली नाही’ हे वाक्य मराठीत सहज संभवते, कारण या दोन क्रियांमधील अंतर भाषेने ओळखलेले आहे. इंग्रजी शब्द हे अंतर झाकून टाकतो. त्यामुळे तक्त्यातील आकडा कळविण्याचा की नोंदीचा, हा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवत नाही.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ उदारता दाखविली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गुन्हा तक्त्यात येण्यासाठी आरोपी सापडावा लागत नाही, खटला चालावा लागत नाही, शिक्षा तर नाहीच. सद्भावनेने दिलेली माहिती पुरेशी असते. एखादी तक्रार निराधार ठरविण्याचा अधिकारही केवळ शपथबद्ध पोलिसांस, पूर्ण तपासानंतर आहे. आणि अशा निराधार ठरविलेल्या तक्रारींची संख्या वेगळी दाखवावी लागते. अर्थात् दडपणुकीची वाट येथे जाणीवपूर्वक अरुंद केलेली आहे.

पण कळवावयाचे कोणास? पोलीस, सुरक्षारक्षक, आणि विद्यार्थ्यांच्या व आवारातील उपक्रमांची महत्त्वाची जबाबदारी असलेले अधिकारी यांस कळविलेला गुन्हाच मोजला जातो. विद्यार्थी-अधिष्ठाता, क्रीडाशिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, विद्यार्थी-मंडळांचे सल्लागार ही त्यांची उदाहरणे. समुपदेशकास त्या नात्याने सांगितलेली गोष्ट यातून वगळलेली आहे, आणि गुप्ततेच्या दृष्टीने ते योग्यच होय. याशिवाय ज्या शिक्षकाची जबाबदारी वर्गाबाहेर जात नाही तो या अधिकाऱ्यांत गणला जात नाही, असे शिक्षण खात्याच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट केले होते.

निवासी विद्यापीठात या अपवादाने फारसे बिघडत नाही. तेथे विद्यार्थिनीच्या दिवसात अधीक्षक, प्रशिक्षक, सल्लागार अशी अनेक माणसे येतात. सामुदायिक महाविद्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळात येणाऱ्या विद्यार्थिनीस महाविद्यालयातील नावानिशी ओळखीचा माणूस बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे तिचा शिक्षक. वाहनतळावर कोणी आपला पाठलाग करतो हे ती सांगेल तर त्यालाच सांगेल. अन्य कायद्यांन्वये वा संस्थेच्या स्वतःच्या नियमान्वये ती गोष्ट वर कळविण्याचे बंधन शिक्षकावर असू शकते. अनेक ठिकाणी ते असतेही. पण ते बंधन नसेल, किंवा त्याची जाणीव अर्धवेळ शिक्षकास कोणी करून दिली नसेल, तर तिने सांगितलेले शब्द तेथेच थांबतात. तिच्या दृष्टीने कळविण्याची क्रिया पूर्ण झाली; तक्त्याच्या दृष्टीने ती झालीच नाही.

३

दुसरा प्रश्न स्थळाचा. कायदा मुख्यत्वे तीन स्थळे मानतो : आवार, आवारापासून दूर असलेली परंतु संस्थेच्या मालकीची वा ताब्यातील, विद्यार्थ्यांच्या नित्य वापरातील जागा, आणि आवारास लागून असलेली सार्वजनिक जागा, म्हणजे स्थूलमानाने पदपथ, रस्ता व पलीकडचा पदपथ. वसतिगृहांचे आकडे आवाराच्या आकड्यांतून पुन्हा वेगळे काढून दाखवावयाचे असतात. वसतिगृहच नसलेल्या संस्थेस हा विभाग लागूच पडत नाही.

सामुदायिक महाविद्यालयाचे खरे भूगोल-चित्र याहून वेगळे आहे. त्याचे वर्ग पुष्कळदा एखाद्या शाळेच्या भाड्याने घेतलेल्या खोल्यांत भरतात. तेथील घटना भाडेकरारात नमूद केलेल्या वेळेपुरत्याच त्याच्या हिशेबात येतात. पलीकडच्या पदपथापासून दोन चौक दूर असलेला बसथांबा या हिशेबात नाही, आणि रात्रीचा वर्ग संपल्यावर भीती वाटते ती नेमकी तेथे. कायद्याने सारे शहर संस्थेच्या माथी मारावयास हवे होते असे कोणी म्हणणार नाही. सीमा कोठे तरी आखावीच लागते. मात्र ती कोठे आखली आहे हे वाचकास कळले नाही, तर सीमेच्या आतील आकडा तो सीमेबाहेरही लावतो.

सीमेच्या आतही गुन्ह्याच्या व्याख्येचा प्रश्न उरतोच. वाहनतळावरून मोटार चोरीस गेली तर ती तक्त्यात येते. काच फोडून मोटारीतील पिशवी व संगणक नेला तर ती साधी चोरी होय, आणि साधी चोरी तक्त्यात नाही. कुलूपबंद कचेरीत शिरून केलेली चोरी ‘घरफोडी’ म्हणून मोजतात. ग्रंथालयाच्या मेजावरून उचललेली पिशवी मोजीत नाहीत. साधी चोरी, साधी मारहाण, धमकी आणि मालमत्तेची नासधूस ही द्वेषमूलक असल्यास मात्र मोजली जातात. गंभीर गुन्हे वेगळे काढण्याच्या हेतूने ही विभागणी झाली, आणि तो हेतू समंजस आहे. पण ज्या संस्थेत विद्यार्थ्याचा आवाराशी संबंध मुख्यतः वाहनतळ, ग्रंथालय व वर्ग एवढाच आहे, तिच्या अनुभवाचा नित्याचा भाग नेमका या चाळणीतून गळून जातो.

४

या सर्वांचा परिणाम शून्यात एकवटतो. लहान सामुदायिक महाविद्यालयाच्या तक्त्यात ओळीमागून ओळ शून्याची असू शकते. हे शून्य निदान चार भिन्न अर्थांनी उच्चारता येते : काही घडले नाही, घडले पण कोणी सांगितले नाही, सांगितले पण मोजणाऱ्यास सांगितले नाही, आणि मोजणाऱ्यास सांगितले, पण ते मोजावयाच्या स्थळी वा व्याख्येत बसले नाही. तक्ता या चारही अर्थांसाठी एकच चिन्ह वापरतो, आणि वाचक साहजिकच पहिला अर्थ घेतो. शिक्षण खाते हे आकडे एकत्र करून सर्वांस तुलनेसाठी खुले ठेवते, त्यामुळे हा अर्थ अधिकच दृढ होतो. कारण दोन शून्ये शेजारी ठेवली की ती सारखीच दिसतात.

येथे अन्याय कोणावर होतो हे पाहावे. ज्या संस्थेने विद्यार्थ्यांस बोलण्यास धीर दिला, शिक्षकांस काय करावयाचे ते शिकविले, तिचा आकडा चढतो. जिने काहीच केले नाही तिचे शून्य कायम राहते. आकडे दडविणाऱ्यांस कायदा दंड करतो. मार्च २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठावर १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड बसविण्यात आला. परंतु दंड हाती आलेली तक्रार लपविणाऱ्यास होतो. तक्रार आपल्यापर्यंत येऊच नये अशा उदासीनतेवर त्याचा अंमल चालत नाही.

क्वचित घडणाऱ्या भीषण प्रसंगी तर हा लेखनप्रकार मूकच राहतो. १ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे अहवालाच्या अंतिम तारखेच्याच दिवशी, ओरेगॉनमधील अम्क्वा सामुदायिक महाविद्यालयात एका विद्यार्थ्याने गोळीबार करून नऊ जणांचे प्राण घेतले. मागील तीन वर्षांचा कोणताही तक्ता अशा घटनेची चाहूल देऊ शकला नसता, आणि तशी अपेक्षा करणेही चूक होय. त्या कामासाठी कायद्याने तातडीची सूचना हा वेगळा प्रकार योजला आहे. तो विद्यार्थ्याशी थेट व वेळेवर बोलतो.

५

याच कायद्यातील आणखी एक लेखनप्रकार उपेक्षित राहिला आहे, तो म्हणजे दैनिक गुन्हे-नोंदवही. तीत गुन्ह्याचे स्वरूप, तारीख, वेळ, साधारण स्थळ आणि पुढे काय झाले हे कामकाजाच्या दोन दिवसांच्या आत लिहावे लागते, आणि अलीकडील ६० दिवसांच्या नोंदी कोणासही पाहावयास मिळतात. विशेष हे की तीत साधी चोरीही येते. फोडलेली काच आणि गेलेली पिशवी येथे दिसते. वार्षिक तक्त्याने जे गाळले त्याचा बराचसा भाग या वहीत आहे. परंतु स्वतःचे पोलीस वा सुरक्षा-विभाग असलेल्या संस्थेवरच ही वही ठेवण्याचे बंधन आहे. केवळ गावच्या पोलिसांवर विसंबणाऱ्या लहान महाविद्यालयावर ते नाही. जेथे तक्ता सर्वांत अपुरा तेथेच वहीही नसावी, हे या रचनेतील मोठे व्यंग होय.

कायद्याने घालून दिलेली मर्यादा किमान आहे, कमाल नाही. अधिक सांगण्यास त्याची हरकत नाही. तक्त्याखाली महाविद्यालयाने साध्या भाषेत चार वाक्ये लिहिली, म्हणजे आमची सीमा कोठे संपते, काय मोजले जात नाही, यंदा कोणा-कोणास माहिती विचारली, आणि तुमच्या शिक्षकास सांगितलेली गोष्ट पुढे कोठे जाते, एवढे जरी नमूद केले, तरी शून्याचे चार अर्थ वेगळे होऊ लागतील. आज अशा ठिकाणी बहुधा नियमावलीतीलच वाक्ये उतरलेली आढळतात. ती वाक्ये शिक्षण खात्याच्या तपासनिसासाठी असतात. रात्री आठ वाजता वर्ग सुटल्यावर वाहनतळाकडे एकटी निघालेली विद्यार्थिनी ही त्या अहवालाची खरी वाचक आहे, आणि तिला उद्देशून लिहिलेले वाक्य त्यात अद्याप यावयाचे आहे.